पेंटर पाहिजे

आमच्या उपकेंद्रातल्या बायकांच्या संडासाच्या दारावर 'स्त्री' एवढंच लिहिलेलं आहे. निळ्यावर पांढरं, उजव्या अंगाला पिवळी सावली, आणि जोडाक्षराचा खालचा पाय असा डौलात वळवलेला की आत जाण्याआधी माणूस क्षणभर थांबतो. एवढं देखणं अक्षर अख्ख्या बीड जिल्ह्यात मी दुसरं पाहिलं नाही, आणि ते नेमकं तिथं आहे.

ते लिहायच्या आधी पेंटर चाचांनी मला येऊन विचारलं होतं, "म्याडम, हितं बाया किती?"

"मी एकटीच," मी म्हणाले.

"मंग 'स्त्रिया' कावून लिवायचं? खोटं हुतंय."

कागदावर 'स्त्रिया' आहे, सगळीकडे तसंच लिहितात, असं मी सांगून पाहिलं. ऐकेनात. पुढं आणखी बायका आल्या तर 'या' लिहायला शेजारी जागा सोडतो, वेलांटी तेवढी पुसून अलीकडं घ्यावी लागेल, ती मी येऊन घेऊन देईन, म्हणाले. आता आम्ही तिघी आहोत. जागा तशीच मोकळी आहे. मागे नव्या बाबूनं तिथं छापील स्टिकर चिकटवायला काढलं तेव्हा मी त्याच्यावर अशी काही ओरडले की तो दोन दिवस माझ्या खोलीकडे फिरकला नाही.

खरं म्हणजे ते आमच्याकडे यायलाच नको होते. विद्यापीठानं एक नवी योजना काढली होती. कलाकारानं सहा महिने शास्त्रज्ञांच्या सोबत येऊन राहायचं, त्यांचं काम बघायचं, आणि दोघांनी मिळून काहीतरी घडवायचं. आमचं उपकेंद्र युसूफ वडगावच्या रस्त्याला, भूजलाचं. चार खोल्या, एक प्रयोगशाळा, एक जीप. मुख्य कार्यालयाचं इंग्रजी पत्र आलं, त्यात 'पेंटर' असा शब्द होता. आमच्या बाबूंनी तो वाचला आणि त्यांच्या माहितीतल्या सगळ्यात चांगल्या पेंटरला नेकनूरला फोन लावला. यात बाबूंचं काय चुकलं ते मला अजून समजलेलं नाही. आमच्याकडे पेंटर म्हणजे पाट्या रंगवणारा. चित्रं काढतो तो ड्रॉइंगमास्तर.

ते एसटीतून उतरले ते टपावरची स्वतःची शिडी उतरवून घेतच. साठी उलटलेली, अंगानं काटक, डोक्यावर जाळीची टोपी, हातात रंगांचा पत्र्याचा डबा. ब्रश डाव्या मांडीला पुसायची सवय असल्यामुळे पायजम्याचा डावा पाय रंगपंचमीचा आणि उजवा पांढरा स्वच्छ. आल्या आल्या त्यांनी भिंतीला नजरेनं माप लावलं आणि विचारलं, "बोर्ड किती फुटी?"

बाबूंनी सांगितलं की बोर्ड नाही, सहा महिने राहायचंय, याला रेसिडेन्सी म्हणतात. हे त्यांनी फोनवर घरी तसंच्या तसं सांगितलं. आता बीडमध्ये रेसिडेन्सी म्हणजे लॉज, आणि खाली परमिट रूम. पलीकडून चाचींचा आवाज मला माझ्या खोलीत ऐकू येत होता. पुढच्या गुरुवारी त्या स्वतः येऊन खोली, मोरी आणि मला बघून गेल्या, तेव्हा कुठं प्रकरण मिटलं.

मला ते नको होते, हे कबूल करते. मी पाण्याची बाई. बाप बीडला किराणा दुकानदार, त्याच्याकडून मला मापात चोख राहायची खोड लागलेली. अकरा विहिरी, दर पंधरवड्याला प्रत्येकीत टेप सोडायची, पाणी किती खोल आहे ते लिहायचं, असं माझं चार वर्षं चाललं होतं. त्यात हे कलाकार सांभाळायचे कुठं? म्हणून मी त्यांना गप्प बसवायला प्रयोगशाळेतल्या बरण्या दिल्या. म्हटलं, चिठ्ठ्या पुसट झाल्यात, नावं घाला. आठवडाभरात 'गाळ', 'मुरूम', 'चुनखडी' हे शब्द सिनेमाच्या पोस्टरवर असावेत तसे दिसायला लागले. आम्लाच्या कपाटावर 'हात लावू नये' असं लिहून त्यांनी खाली एक गुलाब काढला. मी विचारलं, गुलाब कशाला? म्हणाले, "नुसतं नको म्हटल्यावर कुनी ऐकत न्हाई. जरा गोडीत सांगावं लागतंय."

नवा माणूस भेटला की ते आधी त्याचं नाव विचारत आणि बोटानं हवेत लिहून बघत. मगच पुढचं बोलणं. आमच्या संचालकांच्या आडनावात दोन जोडाक्षरं आणि एक रफार. हवेत लिहिता लिहिता चाचा दोन पावलं मागं सरले आणि म्हणाले, "सायबाला नऊ फूट लागंल." माझं नाव तीन अक्षरी, बिनकान्याचं. त्यावर मान हलवली. "चार आंगुळं जागा असली तरी बसंल. लई गरीब नाव हाय तुमचं." नंतर कधी माझ्यावर चिडले की ते मला "चार आंगुळं म्याडम" म्हणायचे.

रस्त्यानं त्यांच्यासोबत जाणं ही शिक्षा होती. जीपमधून दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचायची आणि निकाल द्यायचा. "ह्यो 'ळ' बघा, लंगडा." "ह्या 'क्ष'च्या पोटात दुखतंय." फ्लेक्स आला की खिडकीतून तोंड फिरवून घ्यायचे. एकदा ड्रायव्हर म्हणाला, "चाचा, फ्लेक्स स्वस्त पडतंय की." त्यावर एवढंच म्हणाले, "आरं बे, पडतंयच. वारं आलं की पडतंय."

संक्रांतीनंतर मुख्य कार्यालयाची समिती आली. तिघेजण. आपल्या उपकेंद्राला कोणता चित्रकार मिळाला ते त्यांना बघायचं होतं. मोठ्या चष्म्याच्या एक बाई चाचांसमोर बसल्या आणि अगदी आदरानं म्हणाल्या, "तुमच्या प्रॅक्टिसविषयी थोडं सांगा ना."

चाचांना वाईट वाटलेलं त्यांच्या तोंडावर दिसलं. "प्रॅक्टिस कावून? चाळीस वर्षं झाली बाई. प्रॅक्टिस कवाच सरली. आता हात बसलाय."

बाकीचे दोघे हसले, मीही हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, मग तुमची स्वतःची कलाकृती कुठली? चाचांनी बरण्या दाखवल्या, कपाट दाखवलं, बाईंना त्या दारापर्यंत नेऊन 'स्त्री' दाखवलं. नेकनूरच्या बाजारातली दुकानं, नारायणगडाच्या जत्रेतले पाळणे, निवडणुकीला उभे राहिलेले आणि पडलेले सगळे, यांची नावं मीच लिहिली, असंही सांगितलं. बाई म्हणाल्या, ही तर लोकांची नावं झाली, तुमचं स्वतःचं काय?

चाचांनी बोटाला लागलेला रंग मांडीला पुसला. मग म्हणाले, "माझं काय न्हाई."

समितीनं कागदावर लिहून दिलं की मुदत संपेपर्यंत या कलाकारानं स्वतःची अशी एक तरी कलाकृती करावी, नाहीतर त्यांना कलाकार म्हणून प्रमाणपत्र देता येणार नाही. मला वाटलं होतं, चाचा शिडी घेऊन संध्याकाळच्या एसटीनं घरी जातील. गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आठ बाय चारचा एक बोर्ड पांढरा करून व्हरांड्यात उभा केला आणि समोर बसून राहिले. तो दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर बोर्ड तसाच कोरा. ब्रशही ओला केलेला नव्हता.

"काही सुचत नाही का?" मी विचारलं.

"म्याडम," ते म्हणाले, "काय लिवायचं ते कुनी सांगतच न्हाई."

आयुष्यभर हा माणूस दुसऱ्यांनी सांगितलेलं लिहीत आला होता, आणि आता कुणी काही सांगत नाही म्हटल्यावर मेळ्यात हात सुटलेल्या पोरासारखा दिसत होता. मला पहिल्यांदा त्यांची माया वाटली. तोपर्यंत मी त्यांना सांभाळत होते. त्या दिवसापासून त्यांचं ते काहीतरी व्हावं असं मला मनापासून वाटायला लागलं. मी म्हटलं, उठा, विहिरींवर चला.

अकरा विहिरींतली सातवी आक्कांची. आक्का म्हणजे सत्तरीतल्या एकट्या शेतकरीण, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, बोलणं तिखट. दगडात बांधलेली जुनी विहीर, आत उतरायला पायऱ्या नाहीत. मी टेप सोडली आणि आकडा वाचला, सात मीटर चाळीस. दर वेळी मी आकडा वाचला की आक्का विचारायच्या, म्हणजे किती, आणि मी पुन्हा तोच आकडा सांगायची. त्या दिवशी चाचांनी उलटं केलं. त्यांनी आक्कांना विचारलं, "तुमी सांगा, किती हाय?"

आक्कांनी आत डोकावून पाहिलं. "लेकीला म्हायेरी बोलवाया हरकत न्हाई," त्या म्हणाल्या.

चाचांचं बोट हवेत चालायला लागलं. कितीतरी वेळ चाललं होतं. मग त्यांनी आक्कांना विचारलं, हे तुमच्या विहिरीत लिहिलं तर चालेल का, अगदी पाण्याच्या वर, दगडावर. आक्का म्हणाल्या, "लिवा. मला कुठं वाचाया येतंय."

पुढचे पंधरा दिवस आम्ही दोघांनी जे काम केलं ते मी शास्त्रज्ञ म्हणून केलेलं सगळ्यात आनंदाचं काम. पाण्याखाली टिकेल आणि पाणी नासवणार नाही असा रंग शोधायचा होता. चाचांचा नेहमीचा ऑइलपेंट मी तपासला आणि त्यात शिसं निघालं. ते रुसले. "ह्याच रंगाच्या हातानं चाळीस वर्षं भाकर खाल्ली." पण नंतर प्रयोगशाळेत मांडलेल्या बारा बादल्या, त्यांत बुडवलेले बारा दगड, यांच्यावर त्यांचीच नजर माझ्याहून जास्त. सकाळी चहाच्या आधी दगड काढून नखानं खरवडायचे आणि मला येऊन सांगायचे, "चार नंबर सुटला. नऊ नंबर पक्का." नऊ नंबर पिण्याच्या टाक्यांना आतून लावतात तो रंग होता. मी पाण्याचे नमुने तपासले, काही उतरत नव्हतं. एवढे बोलके निष्कर्ष मला पीएचडीत मिळाले नव्हते.

मग दोरांना फळी बांधून ते विहिरीत उतरले. मी वर जीव मुठीत धरून उभी. खालून आवाज आला, "जत्रंतल्या पाळन्यावर उलटं लटकून लिवलंय म्याडम, हे काय!" पहिली ओळ झाली. पंधरा दिवसांनी पाणी खाली गेलं, नव्या जागेवर दुसरी: 'म्हशीला रोज, माणसाला दिसाआड.' मग 'पाव्हणं आलं तर चहाच.' मग 'धुणं मोठ्या नाल्यावर.' पाचवी, वैशाखात, 'घागर तिरपी बुडवा.' ओळीशेजारी माझा आकडा, बारीक अक्षरात. आक्कांना मी पहिल्यांदा आकडा सांगायचं बंद केलं आणि आक्कांनी पहिल्यांदा मला आपणहून विचारलं की पलीकडच्या रानात नवी बोअर पाडतायत, तिच्यानं ह्या विहिरीचं काय होईल. गावातली माणसं विहिरीत डोकावायला यायला लागली. वाचून हसायची, आणि मग हसता हसता गप्प व्हायची.

"हे झालं की तुमचं," मी चाचांना म्हणाले.

"हे आक्काचं," ते म्हणाले. "मी नुसतं लिवलं." आणि थोड्या वेळानं, "सहावी ओळ यायचीय अजून. पाणी उतरू द्या."

मुदत संपायच्या आठवड्यात मुख्य कार्यालयात सगळ्या उपकेंद्रांची सादरीकरणं होती. मी पाच ओळींचे फोटो घेऊन गेले. चाचांना सांगितलं होतं, सहावी मी आल्यावर लिहा, मला बघायची आहे. माझी पाळी यायला दहा मिनिटं होती आणि फोन वाजला. "म्याडम, हितं वळवाचा लई झोडपलाय. नाल्याचं पाणी हिरीत शिरतंय. जागा बुडंल."

मी दबक्या आवाजात म्हणाले, "मी आल्यावर बघू," आणि फोन ठेवला. माझी पाळी येत होती.

सादरीकरण चांगलं झालं. टाळ्या झाल्या. त्याच मोठ्या चष्म्याच्या बाईंनी विचारलं, पण या ओळी त्या शेतकरी बाईंच्या, आकडे तुमचे, यात कलाकाराचं स्वतःचं काय? सहावी ओळ आहे, असं मी म्हणू शकले असते. माझ्याकडे तिचा फोटो नव्हता, म्हणून मी गप्प बसले. मापात चोख राहायची खोड.

दोन दिवसांनी परत आले तर पाचवी ओळसुद्धा पाण्याखाली गेली होती. चाचा व्हरांड्यात ब्रश धूत होते.

"लिहिली?"

"लिवली. गुडघ्याला पानी लागलं तवर लिवली."

"काय लिहिलंत?"

"उतरंल तवा वाचा."

"आणि नाही उतरलं तर?"

ते हसले. "तर लई चांगलं."

प्रमाणपत्र टपालानं आलं. त्यावर 'कलाकार' नव्हतं, 'सहाय्यक' होतं. चाचांनी ते उन्हात धरून नीट बघितलं आणि माझ्याकडे दिलं. "'सा'चा काना खाल्लाय. साहाय्यक पायजे. परत पाठवा, नीट करून घ्या." मला तेव्हा वाटलं की त्यांना फक्त त्या कान्याचंच दुःख आहे. मी परत पाठवलं नाही, त्यांनीही पुन्हा विचारलं नाही, आणि शिडी घेऊन ते नेकनूरला गेले.

त्यानंतर दोनदा भेटले. तिसऱ्या वेळी मी नेकनूरला गेले तर चाचींनी दारातच सांगितलं, पंधरा दिवस झाले त्यांना जाऊन. माझा नंबर त्यांच्याकडे नव्हता. चाचांनी तो त्यांच्या पत्र्याच्या डब्याच्या झाकणावर आतून लिहून ठेवला होता, पण तो डबा त्यांच्यामागं कुणी उघडलाच नव्हता.

ते गेल्यापासून मी पाट्या वाचते. मोठ्यानं. ड्रायव्हर नवा आहे, त्याला वाटतं मॅडमचं काहीतरी बिघडलंय. नवा माणूस भेटला की माझं बोट टेबलाखाली त्याचं नाव लिहून बघतं, आणि किती फूट लागेल ते सांगायला शेजारी कुणी नसतं.

लागोपाठ चार वर्षं पाऊस बरा झाला. चांगली गोष्ट आहे, माझं सगळं आयुष्य ती गोष्ट व्हावी म्हणून गेलंय. तरी उन्हाळ्यात सातव्या विहिरीवर टेप सोडताना मला आकडा कमी यावासा वाटतो का जास्त, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

या वैशाखात पाणी उतरत उतरत पाचव्या ओळीच्याही खाली गेलं. मी आक्कांच्या विहिरीवर वाकले आणि पाण्याच्या अगदी लगत मला एक पांढरी आडवी रेघ दिसली. शिरोरेषा, तिच्यावर एक वेलांटी, एक मात्रा. अक्षरं तिच्याखाली, पाण्यात, हलत होती. एकही लागत नव्हतं. रेघ लांब होती, चांगली चार हात. म्हणजे नुसतं नाव नव्हतं ते.

"आक्का," मी विचारलं, "हे लिहिलं तेव्हा तुम्ही होतात?"

"मीच तर दोरी धरलती. वाऱ्यानं पदर उडून चाललता माझा." आक्का शेजारी येऊन वाकल्या. "मी म्हनलं, पेंटर, मी तर काय बोललेच न्हाई, तुमी काय लिवताय? तर म्हनला, आक्का, तुमचं न्हाई. आज माझं हाय."

मी आणखी खाली वाकले.

आक्कांनी माझ्याकडे बघितलं, मग विहिरीत बघितलं. "लावू का मोटार घंटाभर? दिसंल समदं."

दहा वर्षं मी या गावाला सांगत आलेय की उन्हाळ्यात मोटार जपून चालवा. मी म्हणाले, "लावा."

मोटार सुरू झाली. पाणी पाटानं आक्कांच्या रिकाम्या वावराकडे निघालं, ज्यात या दिवसांत काहीच पेरलेलं नव्हतं. मी विहिरीच्या काठावर पोटावर पडून होते. रेघेखाली बोटभर दगड ओला, उघडा झाला. अक्षरांची टाळकी दिसायला लागली, एक अर्धा काना, एक गाठ. आणखी अर्धा तास, की ओळ वाचता आली असती. तेवढ्यात पाटाचं पाणी ढेकळांत शिरतानाचा आवाज मला ऐकू आला.

"बंद करा!" मी ओरडले. "आक्का, बंद करा!"

आक्कांनी बटण दाबलं आणि कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर आल्या. "मंग लावाया कावून सांगितली?"

"मला त्यांची लई आठवण येती," मी म्हणाले. माझ्या तोंडून हे असं, त्यांच्याच बोलीत, कधी निघालं नव्हतं.

"येती तर येऊ द्या की," आक्का म्हणाल्या. "त्याला पानी कावून उपसता?"